नका उठाडू

वेस्ता सर,

तुम्ही गेलात त्याला आज एकोणीस दिवस झाले. वार्षिक अंकासाठी तुमच्यावर पानभर मजकूर द्या म्हणून शाळेतून तीनदा फोन येऊन गेला. पहिल्यांदा मी 'कैलासवासी वेस्ता सर' अशी सुरुवात केली आणि खोडली. कैलासात तुम्हाला ओळखतं कोण? मग 'आमचे हाडाचे शिक्षक सहकारी' असं लिहिलं, तेही खोडलं, कारण तुमचा आवाज कानात आला, "मॅडम, हाड पाहिलं का तुम्ही?" शेवटी ते पान बाजूला सारलं आणि हे तुम्हालाच लिहायला घेतलं. आता तुमचं लाल पेन यावर चालणार नाही, एवढाच काय तो फायदा.

"पाहिलं का?" या दोन शब्दांनी तुम्ही मला किती छळलंत. मी नोकरीला लागले तेव्हा ब्राह्मणपुरीच्या बागायतदाराची मुलगी, एम. ए. इंग्लिश, पर्समध्ये जाडजूड डिक्शनरी आणि नाकावर माशी बसू न देणारी. तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि शाळेत दोन वर्षांनी जुने. माझा आठवीचा तास तुम्ही व्हरांड्यातून ऐकला आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणालात, "मॅडम, अर्धा वर्ग वरचा, डोंगरातला आहे. घरी पावरी, नाहीतर आमची बोली. बाजारात अहिराणी. मराठी त्यांना फक्त पुस्तकात भेटते. तुम्ही एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या परक्या शब्दाने सांगता. पोरांनी धरायचं कशाला?"

मला इतका राग आला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. वाईट याचं वाटलं की तुमचं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी घरातल्या रद्दीतून पन्नासेक लग्नपत्रिका आणल्या, त्यांच्या कोऱ्या बाजू कापल्या आणि तुमच्या टेबलावर ठेवल्या. तिथून आपलं सुरू झालं. एका कार्डावर एक इंग्रजी शब्द. खाली तो कोणी पाहिला, कुठे पाहिला, काय घडलं. मराठी अर्थ लिहायचा नाही. आणि आपल्यापैकी एकाने किंवा वर्गातल्या कोणी स्वतःच्या डोळ्यांनी ती गोष्ट घडताना पाहिल्याशिवाय कार्ड करायचंच नाही. या नियमापायी 'ग्लेशियर' आपल्या कार्डांच्या खोक्यात कधी शिरला नाही. शब्दसाठा वाढायचा तो लग्नसराईत, कारण कागद तेव्हा मिळायचा. एका बाजूला नवरा-नवरीची नावं आणि दुसऱ्या बाजूला 'क्वॉरल', असंही झालं.

सगळ्यात जाड गठ्ठा मात्र जागं करणाऱ्या क्रियापदांचा. तो का वाढला ते आठवतं ना? कुठल्याशा गाइडमध्ये 'वेक', 'अवेकन', 'राउज', 'अराउज', 'स्टर' या सगळ्यांपुढे एकच ओळ होती, 'जागे करणे, उद्युक्त करणे'. तुम्ही ते गाइड स्टाफरूमच्या टेबलावर आपटलंत. "हे सगळं एकच असेल तर इंग्रजांना काय वेड लागलं होतं इतके शब्द पाळायला?" मी म्हणाले, अहो, आपल्याकडे तरी कमी आहेत का? झोप चाळवते, भूक चाळवते, विस्तव चेतवतात, कुत्र्याला डिवचतात, जमावाला चिथावतात. तुम्ही म्हणालात, "मग मॅडम, ते तरी कुठे एक आहेत?" आणि आपण पुढची कित्येक वर्षं त्यात घालवली.

'वेक'चं कार्ड तुमचं. तेव्हा तुम्ही मुलांच्या वसतिगृहात राहायचात. डोंगरातून नवी आलेली पोरं पहिले आठ दिवस दचकत झोपायची, म्हणून तुम्ही त्यांना हाक न मारता पायाचा अंगठा हलका दाबून उठवायचात. तुमची आई तसं उठवायची म्हणे. पोरगं डोळे उघडायचं, तुम्हाला बघायचं, उठून बसायचं. एवढंच. 'राउज'चं कार्ड माझं. तुम्ही रजेवर असताना स्वयंपाकीणबाईने पळीने परात बडवली आणि चाळीस पोरं एकदम उभी राहिली, दोन तर अजून झोपेतच होती. तुम्ही त्यावर लिहिलंत, 'जोर लागतो. आणि ज्याला उठवलं त्याला उठून काहीतरी करायचं असतं.' 'स्टर' म्हणजे अंगठा दाबल्यावर पोराने कूस बदलली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटलं आणि परत झोपलं. 'किंडल'ला चुलीतल्या राखेखालचा निखारा आला, फुंकणीसकट.

'अराउज'वरून स्टाफरूममध्ये जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. त्या शब्दाचा एक अर्थ सगळ्यांना ठाऊक होता आणि तोच नको होता, म्हणून वर्षानुवर्षं तो धडा खोकत-खोकत उरकला जायचा. तुम्ही म्हणालात, खोकू नका, बघून आणू. आणि आणलात तो शहादा-तळोदा बसमधून. तुमच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी, मांडीवर कापडी थैली. कंडक्टर समोर येऊन उभा.

"मावशी, थैलीमा काय शे?"

"काही नही भाऊ, भाजी शे."

"मावशी, तुन्ही भाजी हाली ऱ्हायनी."

सगळी बस हसली आणि थैलीतून कोंबडीने मान बाहेर काढली. तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळं करून दाखवलंत, म्हातारी तुम्ही, कंडक्टर मी. मग फळ्यावर लिहिलंत की कोंबडीने कंडक्टरला 'राउज' केलं नाही, त्याचा संशय 'अराउज' केला. 'राउज' होतो तो अख्खा माणूस, 'अराउज' होतं ते त्याच्या आतलं काहीतरी: संशय, राग, उत्सुकता, भूक. माणूस जागचा हलत नाही, पण आत हालचाल सुरू होते. त्या वर्षी दहावीच्या एकाही पोराने या दोन शब्दांत गल्लत केली नाही. माझ्या एम. ए.ला मात्र हे कोणी असं शिकवलं नव्हतं.

'अवेकन'वर आपलं कधीच जमलं नाही. माझं म्हणणं, 'वेक'ला शाल-श्रीफळ दिलं की 'अवेकन' होतो. तुमचं म्हणणं, "नाही मॅडम. 'वेक' झालेला माणूस दुपारी परत झोपतो. 'अवेकन' झालेल्याला परत झोपता येत नाही." मी म्हणायचे, सर, ही कविता झाली, कार्ड नाही. पाहिलं का तुम्ही असं कोणी? तुमचाच प्रश्न तुमच्यावर उलटवला की तुम्ही चष्मा काढून पुसत बसायचात. या एका वादात आपण किती चहा संपवला असेल. तुम्ही हरलात असं मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं, तुम्ही ते मान्य केलं नव्हतं.

आणि एकदा मीच चुकले. शाळेची सहल घेऊन आपण मणिबेलीला निघालो होतो, धरणाच्या पाण्यावरून होडीने. पोरं गाणी म्हणत होती. तुम्ही पाण्याकडे बोट केलंत आणि अगदी साध्या आवाजात म्हणालात, "इथं खाली आमचं घर होतं. तिकडं मामाचं." मला त्या आठवड्यात आठवण जागी करणारा 'इव्होक' हवा होता. खरं सांगते, माझा हात पर्सकडे गेला, कोरं कार्ड काढायला. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पर्स बंद करा, मॅडम." मी बंद केली.  'इव्होक'चं कार्ड आपण केलं नाही ते नाहीच. पाहिलेलं सगळं लिहायचं नसतं, हे मला त्या होडीत कळलं. त्याची उलटी बाजू मी पाळली नाही. तेच आज सांगायचंय.

त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली होती. वसतिगृहाची मोटर जळून आठ दिवस झाले होते आणि मुली बादल्या घेऊन रस्त्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर जात होत्या. दिवसभर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. एक मुलगी थोडक्यात वाचली, तिची बादली चाकाखाली गेली. तुम्ही संस्थेच्या अध्यक्षांना दोनदा सांगून आलात. नवव्या दिवशी सकाळी सगळं वसतिगृह रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिससमोर बसलं आणि दुपारपर्यंत एकही वर्ग भरला नाही. पोरांनी बादल्या बडवल्या. तो आवाज म्हणे बसस्टँडपर्यंत जात होता. संध्याकाळी मोटर आली.

मी 'म्हणे' लिहिते, कारण त्या सकाळी मी शाळेत नव्हते. मी ब्राह्मणपुरीला चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला तूप वाढत होते.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. वरच्या कार्यालयात अहवाल पाठवायचा होता, इंग्रजीत, कारण इंग्रजी कागदाला वजन असतं असा त्यांचा समज. मुख्याध्यापकांची सही होणार होती, पण त्यांचं इंग्रजी 'काइंडली डू द नीडफुल'ला सुरू होऊन तिथेच संपायचं. अध्यक्ष मराठीत सांगत गेले, मी लिहीत गेले. एका जागी ते म्हणाले, "वेस्ता सरांनी पोरांना भडकवलं, असं टाका." माझं पेन थांबलं. किती वेळ? एखादा घोट चहा होईल इतका. माझ्यापुढे शब्दांची सगळी रांग उभी होती, आपणच लावलेली. 'राउज' लिहिता आलं असतं. 'एन्करेज' लिहिता आलं असतं. 'मी तिथे नव्हते, मला माहीत नाही' असं तोंडाने सांगता आलं असतं, ते तर सगळ्यात सोपं होतं. मी 'इन्साइटेड' लिहिलं. भडकवलं या शब्दाला अगदी नेमका, तोलून काढलेला. आणि सर, लाज वाटते लिहायला, पण लिहिते: तो शब्द इतका चपखल बसला म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

का लिहिलं? पर्यवेक्षकपदाची माझी ऑर्डर तेव्हा त्याच टेबलावर, त्याच फायलींच्या ढिगात पडली होती. अध्यक्ष तिच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

तुम्ही त्या सकाळी नक्की काय केलं होतं, ते मला महिन्याभराने शिपायाने सांगितलं. पोरं तुमच्याकडे आली होती, सर, आज तरी पाणी येईल का म्हणून. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला काय विचारता? ऑफिस तिकडे आहे." आणि बोट दाखवलंत. बस. तोवर तुमची बदली होऊन गेली होती, संस्थेच्या धडगावकडच्या शाखेत. रमिलावहिनी आणि दोन्ही मुलं इथे तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत, तुम्ही तिकडे डोंगरात. शनिवारी उतरायचं, रविवारी चढायचं. नऊ वर्षं.

अहवालाची एक प्रत तुम्हाला मिळाली होती, हे मला माहीत होतं. तुमच्या बाकीच्या सहकाऱ्यांना तो मुख्याध्यापकांचा कागद वाटला असेल. तुम्हाला वाटणं शक्य नव्हतं. 'इन्साइट' आणि 'राउज' यांत फरक करणारी माणसं त्या शाळेत दोनच होती आणि त्यातला एक तुम्ही होतात. मी वाट बघितली. तुम्ही येऊन भांडाल, कागद तोंडावर फेकाल, निदान बोलणं टाकाल. निरोपाच्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात, "खोका तुमच्याकडे राहील. मी तिकडून कार्डं पाठवत जाईन." आणि गेलात.

आणि पाठवत गेलात. तिकडे रेंज नसायची, म्हणून मुक्कामाच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचात, मी शहाद्याच्या स्टँडवर घ्यायचे. कसली सुंदर कार्डं होती ती, सर. होळीच्या आधी ढोल शेकोटीशी धरून तापवतात, कातडं ताणून येतं, आणि मग पहिला ठोका पडायच्या आधीच बसलेल्या माणसांचे पाय हलायला लागतात. 'एक्साइट'. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकांच्या टोपलीशी येणाऱ्या वासराला एक पोरगी मुद्दाम काडी टोचते, ते शिंग उगारतं तशी खिदळत पळते. 'प्रोव्होक'. प्रत्येक कार्डाखाली तुमची बारीक सही. मी उत्तरं पाठवायचे, वाद घालायचे, तुम्ही परत वाद घालायचात. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघांचं काय सुरेख चाललंय. 'इन्साइट'चं कार्ड तेवढं आलं नाही. एकदा मी धीर करून चिठ्ठीत विचारलं की तो गठ्ठा पुरा करायचा तर हे एक बाकी आहे. तुमचं उत्तर एका ओळीचं आलं: 'मी अजून पाहिलेलं नाही.' ती चिठ्ठी हातात धरून मी स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. माझी बस निघून गेली.

त्यानंतर दर वेळी पाकीट पाठवताना मी ठरवायचे की या खेपेस लिहायचंच. लिहायचे दुसरंच काही. आधी मी निवृत्त झाले, दोन वर्षांनी तुम्हीही निवृत्त होऊन खाली आलात. आता तर समोरासमोर सांगायला काही अडचण नव्हती. अडचण नसली की मला आणखी अडचण होते, हे तुम्ही ओळखून होतात. मग तुमच्या फुप्फुसांचं दुखणं कळलं.

त्या दुपारी मी सांगायचं म्हणूनच आले होते. बसमध्ये वाक्यं जुळवत आले. पिशवीत पपई होती, आमच्या मळ्यातली, झाडावर पिकलेली. वहिनी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या आणि तुम्ही आत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. पाठीची हाडं बनियनमधून दिसत होती. वहिनी उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमनी लई याद काढतस. उठाडू का त्यास्ले?"

आयुष्यभर मी ज्या प्रश्नावर कार्डं लिहिली तोच प्रश्न त्यांनी मला विचारला. आणि सर, मला काय झालं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "नका उठाडू. झोपू द्या त्यास्ले." पपई ठेवली, पाणी प्यायले, तुमच्या पाठीकडे आणखी एकदा बघितलं आणि पाचची बस पकडली. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की सर शांत झोपले होते, उठवायला जीव धजावला नाही. ऐकणाऱ्यांना माझी माया दिसली. पाच दिवसांनी फोन आला.

मंगळवारी मी परत तुमच्या घरी गेले. तुमच्याकडच्या पद्धतीचं सगळं उरकलं होतं, पाहुणे परतले होते, मुलगा कामावर गेला होता. वहिनी एकट्याच होत्या. मी खाली सतरंजीवर बसले आणि या वेळी वाक्यं जुळवली नाहीत. सांगून टाकलं. तो अहवाल, तो शब्द, ती ऑर्डर, ते लग्न.

वहिनींनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुम्हीच लिखं व्हतं?"

"हो."

"मले माहीत नही व्हतं. मी हेडमास्तरले शिव्या देत ऱ्हायनू इतला वरीस." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "नऊ वरीस मी पोरेसले लीसन एकलीच ऱ्हायनू, मॅडम. पोरगीले टायफाइड व्हयना तवयबी एकलीच व्हती."

  मी म्हणाले की सरांना सांगायलाच त्या दिवशी आले होते, पण ते झोपले होते.

वहिनींनी मान वर केली. "झोपेल नही व्हतात ते. जागाच व्हतात. तुमना आवाज आयका आनि डोया मिटी लिन्हात."

 घरात तुम्ही अर्थातच तुमच्या बोलीत बोलला असाल, वहिनींनी ते मला समजेल अशा अहिराणीत सांगितलं, सावकाश, आठवून आठवून. मी गेल्यावर त्यांनी तुम्हाला विचारलं होतं की जागे होतात तर बोलला का नाहीत. तुम्ही म्हणालात, "मॅडम बोलतीन तं मले 'ऱ्हाऊ द्या' म्हननं पडी. आनि मले तसं म्हनानं नही."

त्या वेळी या बोलण्याचा अर्थ वहिनींना लागला नव्हता. मंगळवारी लागला. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "राग नका मानू मॅडम, आज मी चहा नही ठेवत." मी म्हणाले, बरोबर आहे. दारापर्यंत मात्र त्या आल्या.

परतीच्या बसमध्ये मी आधी तुमच्यावर चिडले. म्हटलं, एवढी वर्षं ढीगभर कार्डं पाठवलीत, माझ्या चुका दुरुस्त केल्यात, माझ्या नातवाच्या बारशाला डोंगरातून उतरून आलात, आणि दोन शब्द म्हणवले नाहीत? तळोदा मागे पडेपर्यंत हा राग टिकला. मग रडू आलं, ते कंडक्टरने तिकीट मागेपर्यंत. आणि त्यानंतर, सर, मला तुमच्याबद्दल जे वाटायला लागलं त्याला मी आभार म्हणेन. तुम्ही माझ्याशी मैत्री मोडली नाहीत आणि माझं केलेलं पुसूनही दिलं नाहीत. दोन्ही एकाच वेळी इतकी वर्षं सांभाळणं किती अवघड गेलं असेल तुम्हाला. पोराला कडेवर घेऊन डोक्यावर हंडा नेणाऱ्या बाईला विचारावं, म्हणजे कळेल. माफी मागून मी मोकळी झाले असते आणि तुमची नऊ वर्षं तिथेच राहिली असती, त्या फायलीत, माझ्या चपखल शब्दाखाली. तुम्हाला ते नको होतं. माझ्यासाठी तुम्ही खूप काही केलंत, पण खोटं बोलायला तयार झाला नाहीत.

तुमची आठवण येते. दुपारी चार वाजता येते, चहाच्या वेळी, वाद घालायला कोणी नसतं तेव्हा. पेपरात एखादा इंग्रजी शब्द दिसतो आणि हात फोनकडे जातो. अजून नंबर काढलेला नाही, काढणारही नाही.

काल सकाळी मी संस्थेच्या ऑफिसात गेले. दोन पानी अर्ज होता, साध्या मराठीत. त्या सकाळी मी शाळेत हजर नव्हते. अहवालातलं इंग्रजी माझं आहे. वेस्ता सरांनी विद्यार्थ्यांना भडकवल्याचं मी पाहिलेलं नाही, पाहिलेल्या माणसाने मला सांगितलेलं नाही, आणि जे त्यांनी केलं ते असं होतं, म्हणून शिपायाने सांगितलेली हकिगत, त्याच्या सहीसकट. हा अर्ज सरांच्या सेवापुस्तकाला जोडावा आणि एक प्रत त्यांच्या पत्नीला द्यावी.

क्लार्क तुमचाच विद्यार्थी निघाला. त्याने दोन्ही पानं वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं, परत वाचली. मग खुर्ची पुढे ओढून दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, सर तं गयात. तुमनंच नाव खराब व्हई. आते ऱ्हाऊ द्या ना."

मी म्हणाले, "नही. शिक्का मार."